लाईट गेली तरी इस्त्री चालूच असते: कोकणातल्या घरांसाठी आगीपासून बचावाची सविस्तर पद्धत

माणूस विसरभोळा असतो म्हणून इस्त्री चालू राहते, हे अर्धंच खरं. कोकणात उरलेलं अर्धं लाईट जाण्यात आहे. मी गुहागर तालुक्यात घरांच्या वायरिंगची कामं करतो. जळालेलं टेबल, काळा पडलेला बोर्ड, गादीला पडलेलं भोक असं काही बघायला बोलावणं आलं की आधी एकच विचारतो, "त्या वेळी लाईट गेलेली काय?" बहुतेकदा उत्तर हो असतं.

होतं ते असं. जुलैतली सकाळ. कपडे दोन दिवस पडवीत दोरीवर टांगूनही ओलसरच. मुलाचा युनिफॉर्म इस्त्रीनेच सुकवायचा असतो. एक बाही होते न होते तोच लाईट जाते. पंखा थांबतो, इस्त्रीचा दिवा विझतो. तळ अजून गरम असतो, तेवढ्यात कॉलर दाबून घेतली जाते आणि इस्त्री टेबलावरच राहते. मग डबा, छत्री, रेनकोट, एसटीची घाई. घराला कुलूप लागतं. साडेदहाला लाईट येते आणि रिकाम्या घरात इस्त्री पुन्हा तापायला लागते.

म्हणून पहिला नियम हाच: लाईट गेली की लगेच पिन काढायची. त्यानंतर इस्त्री खाली ठेवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण लाईट आली का हे बघायला घरातली पोरं सगळी बटणं खालीवर करत असतात. दहा मिनिटांनी कुठलं बटण चालू आणि कुठलं बंद हे कुणालाच सांगता येत नाही. सॉकेटमधून बाहेर लोंबणारी पिन मात्र आंधळ्या अंधारातही हाताला कळते.

ज्यांच्याकडे विहिरीवर तीन फेजचा पंप आहे त्यांना यातला फरक चटकन समजेल. पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की ती सुटते आणि लाईट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही. साध्या इस्त्रीत, पाणी तापवायच्या रॉडमध्ये किंवा जुन्या हॉटप्लेटमध्ये असं काही नसतं. लाईट आली की ती आपोआप चालू.

इस्त्रीच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका

"दिवा विझला होता, म्हणजे इस्त्री बंदच होती" असं मला कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलंय. तो दिवा एवढंच सांगतो की या क्षणी तळ तापवणाऱ्या कॉइलला वीज जातेय की नाही. इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो, म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी. तापली की ती वाकते, संपर्क तुटतो, दिवा विझतो. तळ थोडा निवला की पट्टी सरळ होते आणि वीज पुन्हा सुरू होते. चालू इस्त्रीचा दिवा असा दिवसभर लागत-विझत राहतो. तुम्ही नेमके विझलेल्या मिनिटात खोलीत डोकावलात तर फसलात.

डायलवरचे ठिपके म्हणजे तापमान. एक ठिपका साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन ठिपके १५०, तीन ठिपके २००. सुती कपड्याच्या खुणेवर सोडलेली इस्त्री म्हणजे २०० अंशांच्या आसपासचा लोखंडी ठोकळा, तोही एकाच जागी दाबून ठेवलेला. थर्मोस्टॅट धड असला तरी कापड करपायला, खालची फळी कोळसायला तेवढं पुरतं. त्यातून संपर्क बिंदू एकमेकांना चिकटले (जुन्या इस्त्रीत हे होतंच) तर तापमान चढतच जातं. शेवटचा आधार आतल्या थर्मल फ्यूजचा, म्हणजे फार तापलं की वितळून वीज तोडणाऱ्या तुकड्याचा. दुरुस्तीच्या वेळी कुणी तो वगळून वायर सरळ जोडली असेल तर तोही गेला. म्हणून इस्त्री दुरुस्तीला देताना "फ्यूज आहे तो तसाच ठेव रे, थेट जोडू नको" हे तोंडाने सांगा.

एमसीबी, म्हणजे प्रमाणाबाहेर वीज ओढली की आपोआप पडणारा बोर्डवरचा खटका, का पडत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेते. विसरलेली इस्त्रीही तेवढेच घेते. एमसीबीच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं. वायर वितळून शॉर्ट झाला की एमसीबी पडेल, पण तोवर कापड, फळी नाहीतर गादी पेटलेली असू शकते. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळून शॉक बसायला लागला की पडणारा खटका, माणसाचा जीव वाचवतो, तो घरात हवाच. पण विसरलेली इस्त्री त्यालाही दिसत नाही.

गावाकडे व्होल्टेज खालीवर होतं, त्याचाही हिशेब बघा. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १८० व्होल्टवर १००० वॅटची इस्त्री जेमतेम ६१० वॅटची होते. मग "तापतच नाही" म्हणून डायल शेवटपर्यंत फिरवला जातो आणि तो तसाच राहतो. रात्री गावातला भार कमी होऊन व्होल्टेज २६० पर्यंत चढलं तर तीच इस्त्री १२७० वॅटच्या पुढे जाते.

कुठे ठेवून इस्त्री करता?

बिछान्यावर चादर पसरून इस्त्री करणारी घरं शेकड्याने आहेत आणि आग वाढायचं मोठं कारण तेच. आपल्याकडे अजून सावरीच्या कापसाच्या गाद्या आहेत, काथ्याच्याही आहेत. या दोन्हींत इस्त्रीची धग गेली की लगेच ज्वाळा दिसत नाही. आतल्या आत धुमसत राहतं, तासन् तास. वरून फक्त तपकिरी डाग आणि किंचित वास. वारा लागला की मग एकदम भडका. कौलारू घरात वर लाकडी माळा, माळ्यावर पेंढा, शेणी, जुनी कागदपत्रं. पुढचं सांगायला नको.

एका घरी मी पाहिलेली फळी अजून डोळ्यांपुढे आहे. फणसाची, दीड इंच जाड. तिच्यावर इस्त्रीच्या आकाराचा खड्डा, टोकापासून शेपटापर्यंत नेमका. कडेला कोळसा झालेला आणि टोकाकडे आरपार भोक. लाकूड जड होतं आणि खाली शेणाने सारवलेली जमीन होती, म्हणून ते तेवढ्यावर राहिलं. खाली पेंढ्या रचलेल्या असत्या तर घर उरलं नसतं.

करायचं काय, तर इस्त्रीसाठी एक कायमची जागा ठरवा. टेबल असेल तर त्याच्या कोपऱ्यात कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा फूटभर तुकडा ठेवा. इस्त्री खाली ठेवायची ती फक्त त्या फरशीवर. उभी ठेवा किंवा आडवी, फरशी पेटत नाही. फरशीच्या हातभर अंतरात पडदा, कॅलेंडर, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, रॉकेलचा डबा नको. आणि ही जागा घराबाहेर पडण्याच्या वाटेवर असू द्या: ओटीवर, नाहीतर माजघरातून बाहेर येताना दिसेल अशी. मागच्या खोलीत केलेली इस्त्री मागच्या खोलीतच विसरली जाते.

रोजची पद्धत

१. लावण्याआधी वायर हातात धरून बघा. वायर इस्त्रीत शिरते त्या मानेपाशी ती पिळून पिळून आतून तुटत जाते. इस्त्री चालू करून, कोरड्या हाताने फक्त वायर हलवा. दिवा लुकलुकला तर वायर गेली. पिन काढा आणि वायर बदलल्याशिवाय इस्त्री लावू नका. चिकटपट्टी गुंडाळून हा दोष जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

२. पायात चप्पल, हात कोरडे. पावसाळ्यात फरशीला पाझर असतो आणि कपडेही ओलसर असतात. अनवाणी उभं राहून इस्त्री करू नका.

३. पिन थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन बोर्डवर, मल्टिप्लगवर इस्त्री नको.

४. तीन पिनांची पिन तीन भोकांतच. अर्थिंगची जाड पिन कापून दोन भोकांत बसवलेली इस्त्री घरात असेल तर आजच काढून टाका.

५. मध्येच कुणी हाक मारली, दारात मासेवाली आली, फोन वाजला तर उठण्याआधी पिन काढायची. "दोन मिनिटांत येते" ही दोन मिनिटं बांगड्यांच्या घासाघीशीत वीस होतात.

६. संपल्यावर आधी बटण, मग पिन. वायर धरून ओढू नका, पिन धरून काढा. इस्त्री फरशीवर किमान अर्धा तास निवू द्या. गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळली की वरचं आवरण मऊ होतं आणि पुढच्या वेळी तिथेच ठिणगी पडते.

७. सगळ्या कपड्यांना एकदाच इस्त्री करता आली तर उत्तम. रोज सकाळी एक शर्ट म्हणजे वर्षातून तीनशे वेळा विसरायची संधी. रविवारी दुपारी आठवड्याचं उरकून टाका.

पावसाळ्यात महिनोन् महिने पडून राहिलेली इस्त्री पहिल्यांदा लावली की कधीकधी आरसीसीबी पडतो. कॉइलच्या आतल्या भुकटीने दमट हवा ओढून घेतलेली असते. इस्त्री एखादा दिवस कडक उन्हात ठेवून बघा. तरीही पडत असेल तर इस्त्रीतच दोष आहे. आरसीसीबी वगळून ती चालवायचा मोह टाळा.

"काढली ना?" या प्रश्नाचं काय करायचं

निम्म्या वाटेत, एसटी शृंगारतळीला पोहोचली की छातीत धस्स होतं: इस्त्री काढली का? खरं तर बहुतेकदा काढलेली असते. रोजचं काम हात आपोआप करतात आणि आपोआप केलेल्या कामाची वेगळी आठवण राहत नाही. सोमवारची काढलेली पिन आणि आजची पिन डोक्यात एकच होऊन बसतात.

यावर रेल्वेवाल्यांची युक्ती चांगली आहे. लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की हात करून तो मोठ्याने एकमेकांना सांगतात. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून बोलण्याची ही पद्धत फार जुनी आहे. तुम्हीही पिन काढलीत की सॉकेटकडे बोट दाखवा आणि मोठ्याने वार घालून बोला: "मंगळवार, इस्त्री काढली." वार महत्त्वाचा. त्यामुळे आजची आठवण कालच्यापासून वेगळी पडते. पहिले चार दिवस घरातले हसतील, हसू द्या.

दुसरी युक्ती किल्लीची. घराच्या किल्ल्यांची खुंटी इस्त्रीच्या सॉकेटशेजारी ठोका. इस्त्री सुरू करताना किल्ली सॉकेटजवळच्या त्या खुंटीलाच असली पाहिजे, खिशात किंवा पर्समध्ये नाही. बाहेर पडताना किल्ली घ्यायला तिथे जावंच लागतं आणि पिन डोळ्यांसमोर येते. चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी टिकाऊ. चिठ्ठी आठवड्याभरात भिंतीसारखीच दिसायला लागते, शिवाय पावसाळ्यात गळून पडते ती वेगळीच.

मोबाईलवर काढलेल्या पिनेचा फोटो घेणं हाही उपाय आहे, विशेषतः ज्यांना दहा वेळा परत येऊन बघायची सवय आहे त्यांच्यासाठी. फोटोवर वेळ असते. एसटीत बसून तो बघता येतो.

घरात दोन-तीन माणसं असतील तर जबाबदारी एकाचीच ठेवा: कुलूप लावील त्याने पिन बघायची, इस्त्री कुणीही केलेली असो. "मला वाटलं तू काढलीस" हे वाक्य त्यामुळेच बंद होतं. शेजारच्या काकूंच्या घरी सून दारातून रोज ओरडते, "आई, सॉकेट बघितलंत काय?" आणि काकू न चिडता आतून सांगतात, "बघितलं गो, रिकामी आहे जागा." ही एवढी देवाणघेवाण पुरते.

ज्या घरात एकटी म्हातारी माणसं राहतात आणि विसरणं वाढत चाललंय, तिथे मात्र युक्त्यांवर विसंबू नये. आजोबांना धोतर कडक लागत असेल तर बाजारातल्या इस्त्रीवाल्याकडे आठवड्याला गठ्ठा द्यावा आणि घरातली साधी इस्त्री उचलून न्यावी. यात त्यांचा अपमान होणार नाही अशी काळजी घ्या: "इस्त्री बिघडलीय, दुरुस्तीला नेतो" एवढं सांगितलं तरी पुरे.

विकत मिळणारी मदत

नवी इस्त्री घेणार असाल तर आपोआप बंद होणारी घ्या. बहुतेक अशा इस्त्र्या आडव्या पडून राहिल्या तर साधारण अर्ध्या मिनिटात आणि उभ्या ठेवल्या तर आठेक मिनिटांत बंद होतात. खोक्यावर नेमका काळ लिहिलेला असतो, तो वाचा. घरी आणल्यावर एक चाचणी करा, दुकानदार ती करून दाखवणार नाही: इस्त्री बंद झाल्यावर बोर्डचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. ती पुन्हा तापायला लागते का, आणि तापली तर पुन्हा आपोआप बंद होते का, हे बघा. आपल्याकडच्या लाईटच्या ये-जा करण्यात इस्त्रीचं काय होईल हे यावरूनच कळतं.

इस्त्रीवर आयएसआयची खूण आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते तपासता येतं. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त इस्त्रीवर खूण असते, क्रमांक नसतो.

वाफेची इस्त्री घेताना वॅट बघा. २००० वॅटची इस्त्री ८.७ अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून ती चालवली की सॉकेट तापून मऊ पडतं.

स्मार्ट प्लग चांगला, पण १६ अँपिअरचाच. आणि त्यात एक सेटिंग नक्की बदला: वीज परत आल्यावर प्लगने कुठल्या स्थितीत यावं. कंपनीकडून येताना बऱ्याचदा "आधी होता तसा" असं ठेवलेलं असतं. ते "बंद" करा. नाहीतर हजार रुपयांचा प्लगही लाईट आल्यावर इस्त्री इमानदारीने चालू करील. मुंबईहून मोबाईलवरून बंद करू या भरवशावरही राहू नका. पावसात गावचं नेट लाईटच्या आधी जातं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो साधा चावीचा टायमर आणि त्याहून पक्का उपाय म्हणजे कॉन्टॅक्टर. इस्त्रीच्या आणि गीझरच्या पॉइंटला वायरमनकडून २५ अँपिअरचा छोटा कॉन्टॅक्टर आणि हिरवं-लाल बटण बसवून घ्या. पंपाच्या स्टार्टरसारखंच: लाईट गेली की सुटला, परत बटण दाबल्याशिवाय लागत नाही. लाईट गेल्यावर विसराळूपणा, म्हातारपण, पोरांची बटणं, सगळ्याला हा पुरून उरतो. लाईट न जाता चालू राहिलेली इस्त्री मात्र हा बंद करत नाही.

खारी हवा, कुंभारीण आणि काळी सॉकेटं

इस्त्री काढली तरी बोर्ड जळतो तो इथे. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत खाऱ्या दमट हवेने सॉकेटमधली पितळी पानं हिरवी होतात, स्क्रू गंजतात, पकड ढिली पडते. ढिल्या जोडावर उष्णता तयार होते. वॅट जितके जास्त, तितकी उष्णता जास्त. म्हणूनच दिव्याचा बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो आणि इस्त्री-रॉडचा बोर्ड काळा पडतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी एक सॉकेट उघडलं. वरून पांढरंशुभ्र. आत कुंभारीण माशीने मातीची घरटी लिंपलेली, त्यात वाळलेल्या अळ्या, खालच्या पानावर हिरवट खार आणि एका बाजूचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलेलं. वायरचा टोकाचा इंचभर भाग कडक झालेला, वाकवला की आवरणाचा भुगा. घरात वास येत होता, पण तो सुक्या मासळीचा समजत होते.

जळक्या प्लास्टिकचा वास मासळीसारखा येतो, हे लक्षात ठेवा. घरात मासळी नसताना तसा वास आला तर बोर्ड हुंगून बघा.

पाऊस संपला की दसरा-दिवाळीच्या सफाईत हे तपासा. इस्त्री दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि पिन काढून तिच्या पितळी टोकांच्या बुडाशी प्लास्टिकवर बोट लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला. पिन सैल बसते, बटण दाबताना चर्र आवाज येतो, बोर्डवर तपकिरी छटा आहे: प्रत्येक लक्षण सॉकेट बदलायला पुरेसं आहे. ते काम मेन बंद करून, माहितगार माणसाकडूनच. न वापरायच्या सॉकेटना प्लास्टिकची टोपणं लावा, कुंभारीण शिरत नाही.

वायरची जाडी: दिवे-पंख्यांना १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५, गीझरला ४ घातली तर उत्तम. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवणं, किंवा चिनी मातीच्या फ्यूजमध्ये दुहेरी तार भरणं, म्हणजे फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळू देणं. तो पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो.

माळ्यावरून गेलेल्या वायरी उंदीर कुरतडतात. त्या पाइपातून घ्या आणि भाताचा पेंढा त्यांच्यावर रचू नका.

अर्थिंगचं आपल्याकडे वेगळं दुखणं आहे. जांभ्यावर, कातळावर घर असलं की उन्हाळ्यात जमीन सुकून अर्थिंग निकामी होतं. खड्डा कोळसा-मिठाने नीट भरलेला हवा आणि मार्च ते मे आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. शहाळ्याच्या झाडाला घालतो त्यातलंच थोडं इकडे वळवलं की झालं.

बाकीची उपकरणं, थोडक्यात

पाणी तापवायचा रॉड इस्त्रीपेक्षाही वाईट. पाणी आटलं किंवा बादलीत पाणी भरण्याआधीच लाईट आली तर रॉड लाल होतो, प्लास्टिकची बादली वितळते. बंब, सोलर किंवा गीझर परवडत असेल तर रॉड भंगारात द्या. नाहीच, तर वरचाच नियम: लाईट गेली की पिन काढा.

मिक्सर, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या पिना विजा चमकायला लागल्या की काढाव्यात. फ्रिजला स्टॅबिलायझर द्या, कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर घोंघावत तापतो. मोबाईल उशीखाली ठेवून चार्ज करू नका. इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर ठेवा, देवघराच्या समईपासून लांब, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो.

गणपतीत मखराच्या मागे एका एक्स्टेन्शनवर माळा, फोकस, फिरतं चक्र आणि स्पीकर असं सगळं लटकलेलं असतं. पडदे आणि कागदी फुलं फोकसपासून हातभर दूर ठेवा, रात्री झोपताना समई सोडून सगळं मागून बंद करा आणि समईला पितळी ताटात, पडद्यापासून लांब बसवा.

घर बंद करून मुंबईला जाताना

चाकरमान्यांनी हा भाग नीट वाचावा. गाडीच्या दिवशी घाई असते, निघण्याआधी शेवटची इस्त्री त्याच दिवशी होते आणि नंतर चार महिने कुणी दार उघडत नाही. त्या दिवशी इस्त्री करूच नका, आदल्या रात्री उरका.

निघताना क्रम असा ठेवा. प्रत्येक खोलीतून फिरत सगळ्या पिना काढा, फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडं ठेवा. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, त्याची मेनची पिनही काढा. हे बहुतेकजण विसरतात: मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरची सॉकेटं चालूच असतात. त्यानंतर एमसीबी एकेक करून खाली आणि शेवटी मेन. बाहेरच्या दिव्यासाठी किंवा कॅमेऱ्यासाठी वीज ठेवायचीच असेल तर त्याला वेगळा एमसीबी आधीच काढून घ्या, म्हणजे बाकी घर पूर्ण मेलेलं राहील. गॅसचा रेग्युलेटर काढा. किल्ली ज्या शेजाऱ्याकडे ठेवता त्याला मेन कुठे आहे ते दाखवून जा.

परत आल्यावर घाईने मेन वर करू नका. आधी बोर्ड हुंगा, वाळवी-कुंभारीण बघा. मग मेन, मग एक दिवा. दिवा नेहमीपेक्षा भगभगीत किंवा मिणमिणता दिसला तर लगेच पाडा. न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, तुटली असेल तर घरात ३०० व्होल्टच्या वरही येऊ शकतात. दिवा ठीक दिसला तर एमसीबी एकेक वर.

वादळानंतर हाच क्रम. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. इतक्या दिवसांनी लाईट येते तेव्हा कुठलं बटण चालू राहिलंय हे कुणालाही आठवणं शक्य नसतं. लाईट जाऊन तासाभरावर वेळ गेली की बाकीचे सगळे एमसीबी पाडून मेन आणि एकाच दिव्याचा एमसीबी वर ठेवा. तो दिवा लागला की लाईट आल्याचं कळतं, इस्त्री मात्र गप्प राहते.

पेटलंच तर

आधी वीज तोडा. पिनेपर्यंत हात पोहोचत नसेल तर मेन पाडा. वीज चालू असताना पाणी ओतायचं नाही. वाळूची बादली ठेवत असाल तर ती कोरडी हवी. समुद्रावरून आणलेली ओली खारी वाळू वीज वाहून नेते. एबीसी पावडरचं दोन किलोचं अग्निशामक दाराजवळ टांगा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे महिन्याला बघा आणि नळकांडं उलटंसुलटं हलवा, दमट हवेत पावडर बसते. वापरताना पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाकडे रोखायची, दाबायचं आणि आडवी फिरवायची. दोन किलोचं काही सेकंदांतच संपतं, तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. गाडी तालुक्याहून यायला वेळ लागतो, म्हणून फोन आधी, सामान वाचवणं नंतर. खांबावरून येणारी वीज तोडायला महावितरणच्या १९१२ वर कळवा.

गादी धुमसत असेल तर वीज तोडल्यावर ती ओढून खळ्यात न्या, फाडा आणि आतपर्यंत भिजवा. वरून विझलेली गादी परत घरात घेऊ नका, रात्री पुन्हा पेटते.

भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. फोड मोठे असतील किंवा चेहरा-हात भाजला असेल तर थेट दवाखाना.

नुकसान मोठं असेल तर साफसफाईआधी फोटो काढा, पोलीस पाटील आणि तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या. वायरमनने तपासल्याशिवाय मेन वर करू नका. आणि जळालेली इस्त्री भंगारात देण्याआधी तिची वायर मुळाशी कापा, म्हणजे कुणी तिला नवी कॉइल घालून पुन्हा बाजारात आणणार नाही.